वयाचे दहा आणे

अण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भोंगा वाजवत होते. मोटार दारात उभी होती, आत कुणी नव्हतं. अण्णांनी बाहेरूनच हात आत घातला, रबरी फुगा एकदा दाबला, मग शेजारच्या दुसऱ्या मोटारीकडे जाऊन तिचाही भोंगा एकदा वाजवला आणि समाधानानं पायरीवर येऊन बसले. पुढे तीन वर्षं रोज सकाळी मी हे पाहिलं. एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "दिवसातनं एकदा हाक मारावी लागती रं. न्हायतर इसरत्यात."

निपाणीचे ते तंबाखूचे व्यापारी. जैन, वय साठीच्या पुढे, डोक्याला गुलाबी रुमाल, बंद गळ्याचा कोट, आणि दोन आळ्यांपलीकडे ऐकू येतील अशा करकरणाऱ्या वहाणा. रागवायचे कन्नडमधून, हिशोब करायचे मराठीतून आणि पहाटे देवाशी बोलायचे प्राकृतातून. त्यामुळे अण्णा मराठीत बोलायला लागले की आता काहीतरी आपल्या खिशातून जाणार, हे आम्ही ओळखून असायचो.

त्यांच्या दोन मोटारी होत्या, थोरली आणि धाकटी. थोरली त्यांनी बेळगावच्या कँपात लिलावात घेतली होती. कुणी साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याचं सगळं सामान बाहेर मांडलं होतं. अण्णा गेले होते एक कपाट बघायला. येताना मोटार घेऊन आले. आता ही चालवत निपाणीला नेणार कोण? साहेबाचा ड्रायव्हर तयार होता, पण तो दिसायला अठरा-एकोणीस वर्षांचा होता. अण्णांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारातून दोन बैलजोड्या ठरवल्या आणि पन्नासेक मैल मोटार बैलांनी ओढत आणली. स्वतः शेजारून चालत आले. चार दिवस लागले. काकतीपासून संकेश्वरपर्यंत प्रत्येक गावची माणसं रस्त्यावर उभी राहून हसली, असं ते स्वतःच सांगायचे आणि वर म्हणायचे, "हसू दे. गाडीवर एक वरखडा आला न्हाय."

मी मूळचा बेळगुंदीचा. घरी शेती, पण मला बैलांपेक्षा इंजिनाची ओढ. मॅट्रिकला गटांगळी खाल्ली आणि कँपातल्या एका वर्कशॉपमध्ये गाड्या धुवायला लागलो. धुता धुता चालवायला शिकलो, लायसन काढलं. लायसन होतं, गाडी नव्हती. कुणीतरी सांगितलं, निपाणीत एक म्हातारा दिवसाच्या भाड्यानं गाडी देतो. पेट्रोल आपलं, उतारू आपले, संध्याकाळी त्याचं भाडं त्याला द्यायचं आणि उरेल ते आपलं. फक्त वय विचारतो, तेवढं सांभाळ. म्हणून मी महिनाभर मिशी वाढवून गेलो.

"वय?" अण्णांनी विचारलं.

"पंचवीस," मी ठोकून दिलं.

त्यांनी मिशीकडे पाहिलंसुद्धा नाही. पानाच्या डब्यातली सुपारी चाळवत म्हणाले, "मानमोडीच्या साथीत तुमच्याकडं लई माणसं गेली म्हंत्यात."

"व्हय. माझी थोरली चुलती त्यातच गेली."

"तू केवढा हुतास तवा?"

"मी आईच्या पोटात होतो," असं बोलून गेलो आणि जीभ चावली. ती इन्फ्लुएंझाची साथ येऊन वीस वर्षं होऊन गेली होती.

"म्हंजे वीस," अण्णा शांतपणे म्हणाले. "गाडीचे तीन रुपये. पंचविसाला पाच वर्सं कमी. वर्साला दोन आणे, म्हंजे वयाचे दहा आणे. तीन रुपये दहा आणे. सांजच्याला, दिवस मावळायच्या आत."

मी पुष्कळ वाद घातला. म्हटलं, अण्णा, गाडी आपटली तर भरून घ्या, पण वयाचे पैसे कसले? मी काय मुद्दाम उशिरा जन्मलो?

"तुझी मरणाशी वळख न्हाय अजून," ते म्हणाले. "पंचविशीपतूर कुणाचीच नसती. वळख न्हाय त्या माणसाला मी माझी वस्तू तिनात दिऊ?"

थोरली चालवायला एक हवालदार होता. लष्करातून निवृत्त झालेला, चाळिशी ओलांडलेला. तो रोख तीन रुपये द्यायचा. त्यानं थोरली दोन महिन्यांत दोनदा कुंपणाला घासली. तरी तीनच. मी कधी धाकटीच्या अंगाला बोट लागू दिलं नाही, तरी मला वर दहा आणे. सुट्ट्या वजा जाता महिन्याचे सोळा रुपये होत होते. सोळा रुपयांत त्या काळी एखादा मास्तर संसार करायचा. हे मला पक्कं माहीत असण्याचं कारण म्हणजे चिकोडीच्या एका मास्तरांच्या मुलीशी माझं लग्न ठरत होतं आणि ते अडलं होतं नेमकं त्या सोळा रुपयांवर. मास्तर सरळ माणूस. म्हणाले, "ड्रायव्हर म्हणून माझी हरकत नाही. पण घर चालेल एवढं उरतं का तुमच्या हातात, ते मला दाखवा." मी हिशोब मांडून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "पंचविशी होईपर्यंत थांबू या."

अण्णांचे आणखी दोन नियम होते. पंचविशीच्या आतल्यानं संकेश्वरच्या पुढे जायचं नाही, हा एक. दिवे लावून गाडी चालवायची नाही, हा दुसरा. हा दुसरा नियम हवालदारालाही होता. मला आधी वाटलं अपघाताची भीती असेल. पण कारण वेगळंच होतं. दिव्यावर किडे येऊन आपटतात आणि मरतात. "गाडी माझी, दिवा माझा. त्येचं पाप ड्रायव्हरला लागंल का मला?" असा त्यांचा प्रश्न असे. अण्णा स्वतः सूर्यास्ताच्या आत जेवायचे आणि त्यांच्या गाड्याही सूर्यास्ताच्या आत घरी यायच्या.

आणि मोटारींचा मालक असून ते मोटारीत कधी बसले नव्हते. वखारीत चालत जायचे, चिकोडीला बैलगाडीनं जायचे. धाकटी रिकामी त्यांच्या शेजारून जात असली तरी बसायचे नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "मला कुठं घाई हाय?" त्यांची बहीण मात्र वेगळं सांगायची. "त्येला भ्या वाटतंय," ती म्हणायची. "दुसऱ्याच्या हातात आपला जीव द्यायचं लई भ्या."

ही बहीण म्हणजे आक्का. अण्णांपेक्षा आठ-दहा वर्षांनी थोरली, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली, पांढरं पातळ, हातात कायम जपमाळ. तिला झोप यायची नाही. किती वर्षांपासून, हे तिलाही आठवत नव्हतं. रात्रभर ती भिंतीला टेकून बसायची. औषधं झाली, काढे झाले, देवाला बोलणं झालं. दर अमावास्येला ती स्तवनिधीच्या देवळात जायची आणि एकदा परत येताना थोरलीच्या मागच्या सीटवर, तवंदीचा घाट उतरताना, तिचा घटकाभर डोळा लागला होता. अण्णांना वाटलं, देवानं मार्ग दाखवला. तेव्हापासून नियमात एक पोटनियम आला: अमावास्येला ज्याच्या गाडीत आक्काला झोप लागेल, त्याला पुढचा महिनाभर वयाचे पैसे माफ. हवालदाराला माफ करण्यासारखं काही नव्हतंच, त्यामुळे अमावास्येची फेरी माझ्याकडे आली.

पहिल्या फेरीला मी माझं कसब दाखवायला गेलो. घाटातली वळणं अशी घेतली की धाकटीची चाकं किंचाळली. मागून आक्काचा आवाज येत राहिला, "निधान, तम्मा, निधान." सावकाश, बाळा, सावकाश. घरी पोचलो तेव्हा तिचे डोळे सताड उघडे होते आणि दोन्ही हातांनी तिनं सीटची कड धरलेली होती. अण्णांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "तीन रुपये दहा आणे."

दुसऱ्या अमावास्येला मी इतका हळू गेलो की इंजिन हिसके द्यायला लागलं. तिसऱ्यांदा आक्कालाच माझी कीव आली. तवंदीत ती म्हणाली, "चिकोडीच्या पोरीचं मला कळलंय, तम्मा. दार आलं की मी डोळे मिटून पडते. तू कायबी बोलू नगंस." मी नको म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. दारात गाडी उभी केली, आक्का मान कलती करून पडली होती, तोंडसुद्धा थोडं उघडं. अण्णा जवळ आले, वाकून बघितलं. मग हळूच म्हणाले, "आक्का, झोपलेल्या माणसाची माळ फिरत न्हाय."

तिची बोटं जपमाळेवर चालतच होती. सवयच ती. आक्का हसत उठून बसली, मी मान खाली घालून उतरलो. अण्णा मला रागावले नाहीत. फक्त कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले. त्याचा अर्थ मी नंतर आक्काला विचारला. "खोट्या झोपंनं खरी झोप पळून जाती," असं म्हणाले होते.

हे सगळं मी हसत सांगतो आहे, कारण तोवर ते हसण्यासारखंच होतं. मग तो दिवस आला.

अण्णांच्या वखारीत तंबाखूची पानं निवडायला पन्नास-साठ बायका होत्या. त्यातली एक, तिचा नवरा तिथंच हमाल. पहिलटकरीण. दोन दिवस कळा देत होती, सुटका होत नव्हती. सुईणीनं हात टेकले, गावच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं, बेळगावला मोठ्या दवाखान्यात न्या. नवरा धावत अण्णांच्या दारात आला तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. मी नुकताच संकेश्वरची फेरी करून आलो होतो. धाकटी दारात उभी होती, टाकीत पेट्रोल होतं.

"थोरली कोल्हापूरला गेलीया," अण्णा म्हणाले. "हवालदार येईलच आता. त्यो नेईल."

"अण्णा, मी नेतो," मी म्हणालो.

"तू संकेश्वरच्या पुढं गेलायस कधी?"

"कँपातनं इकडंतिकडं रोज जात होतो. बेळगावचा रस्ता मला पाठ आहे."

"दोन जीव हायत त्या बाईत. तुझ्या हातात न्हाय द्यायचा मी. हवालदार येईल."

हवालदार आला नाही. कोल्हापूरला त्याच्या गाडीचा टायर फुटला होता, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. दोन वाजले. त्या बाईला बाजेवर घालून दारात आणून ठेवली होती, वर एक चादर धरली होती. तिचं ओरडणं थांबून नुसतं कण्हणं उरलं होतं. नवरा माझ्याकडे बघायचा, मग अण्णांकडे. मी दोनदा हँडल मारून इंजिन चालू केलं आणि दोनदा अण्णांनी बंद करायला लावलं. ते दारातून रस्त्याच्या वळणापर्यंत जायचे, कोल्हापूरच्या दिशेला बघायचे आणि परत यायचे. कठोर माणूस नव्हता हो तो. घामानं त्यांचा कोट पाठीवर भिजला होता. त्यांना खरोखरच वाटत होतं की पोक्त माणसाची वाट बघण्यातच तिचं भलं आहे.

तीन वाजले. साडेतीन वाजले. चारच्या सुमारास आक्का आतून आली. तिनं अण्णांना काही विचारलं नाही. सरळ धाकटीचं दार उघडलं, मागच्या सीटवर बसली, मांडी सरळ केली आणि बाजेकडे हात केला. "तिला आणा. डोकं हितं ठेवा." वखारीतल्या बाईला दोघांनी उचलून तिच्या मांडीवर दिलं. ज्या आक्काच्या सोवळ्यापायी आम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहायचो, तिचं पांढरं पातळ रक्तानं भरलं. तिनं भावाकडे पाहिलं आणि दोनच शब्द बोलली, "कोडु अवगं." दे त्याला.

अण्णांनी वहाणा काढल्या, जसं देवळात जाताना काढतात, आणि माझ्या शेजारी येऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा. नवरा मागं पायांशी बसला. आम्ही निघालो.

घाट लागला तसा माझा पाय सवयीनं सैल झाला. तीन अमावास्यांची सवय. अण्णांनी दोन्ही हातांनी दार धरलेलं, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. गाडी मंदावलेली त्यांना कळली.

"का रं, हळू का घेतलीस?"

"वळणं हायत, अण्णा."

"माझ्यासाठी घेतलीस का तिच्यासाठी?"

मी खरं सांगितलं. "तुमच्यासाठी."

"मग माझ्याकडं बघू नगंस," ते डोळे न उघडता म्हणाले. "ती कशानं वरडती त्ये ऐक आणि चालीव."

मी ऐकत चालवायला लागलो. खड्ड्यात चाक गेलं की ती ओरडायची, म्हणून खराब रस्त्याला मी पावलाच्या चालीनं जायचो आणि सपाट रस्ता मिळाला की धाकटी होता नव्हता तेवढा जोर लावून पळवायचो. यमकनमर्डी गेली. काकती जवळ आली तेव्हा दिवस मावळला. मी अण्णांकडे बघितलं. त्यांनीच पुढं वाकून विचारलं, "दिवा कशानं लागतो?" मी बटण दाखवलं. त्यांनी स्वतःच्या हातानं दाबलं.

बाई वाचली. मूल वाचलं नाही. मुलगा होता. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, हात पुसत म्हणाल्या, "दोन तास आधी आणली असती तर." त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, आपण कुणाला बोलतोय. दवाखान्यात येणाऱ्या सगळ्यांनाच त्या असं म्हणत असतील. पण अण्णा व्हरांड्यातल्या बाकावर जे बसले ते उजाडेपर्यंत उठले नाहीत. सकाळी मी गाडीपाशी गेलो तर ते धाकटीच्या दिव्याची काच उपरण्यानं पुसत होते. त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. किड्यांसाठी की त्या पोरासाठी, मी विचारलं नाही.

निपाणीला आलो. संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे भाडं पुढं ठेवलं, तीन रुपये आणि वर दहा आणे. त्यांनी तीन रुपये उचलले. सुटे पैसे तिथंच राहिले.

"उद्यापासनं तीन," ते म्हणाले. "सगळ्यास्नी."

ज्या शब्दांची मी इतके महिने वाट पाहत होतो ते हे शब्द. मला चिकोडीला धावत जाऊन सांगायला हवं होतं. मी ते दहा आणे बराच वेळ उचललेच नाहीत. शेवटी अण्णाच म्हणाले, "घे. तुझंच हायत."

वखारीतली ती बाई दीड महिन्यानं कामावर आली. अण्णा रोज सकाळी वखारीत बायकांच्या मधून एक चक्कर टाकायचे. ती आल्यापासून ते तिच्या रांगेकडे जायचे थांबले. एक दिवस तिनंच उठून त्यांना वाकून नमस्कार केला. आपला जीव वाचवला म्हणून. अण्णा तिथून घरी आले आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. जेवायला उठले नाहीत.

पुढच्या अमावास्येला आक्काला घेऊन मी नेहमीसारखा गेलो. आता त्या फेरीत माझं काही अडकलं नव्हतं. मी आपला रस्ता ऐकत चाललो होतो. काकतीच्या वाटेवर ती सवय लागली होती. परत येताना मागून काहीच आवाज आला नाही. दारात पोचलो, वळून पाहिलं, तर आक्का झोपलेली होती. माळ बोटांतून निसटून मांडीवर पडली होती. अण्णा बाहेर आले, त्यांनी मला हातानंच खूण केली, उतरू नको, बंद करू नको. इंजिन थांबलं तर ती उठेल. दोन तास धाकटी दारात उभ्या उभ्या घुमत राहिली. ऊन सरकत आक्काच्या तोंडावर आलं तसं अण्णांनी आतून छत्री आणली आणि मोटारीच्या शेजारी ती धरून उभे राहिले. रस्त्यानं जाणारे-येणारे बघत होते. एकानं काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं. मी स्टेअरिंगवर हात ठेवून पुढंच बघत बसलो होतो. मागं वळून बघायचा मला धीर झाला नाही, कारण अण्णा रडत होते.

त्याच महिन्यात ते मला म्हणाले, "मला शिकीव."

"काय?"

"गाडी. आणि काय?"

वय पासष्ट. मोटारीत बसले होते ते एकदाच, तेही डोळे मिटून. तंबाखूची काढणी झाली होती, माळ मोकळे पडले होते. मी त्यांना रोज सकाळी गावाबाहेर न्यायचो. पहिले आठ दिवस त्यांनी क्लच सोडला की धाकटी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची. ते उतरून तिच्यापुढं हात जोडायचे आणि परत बसायचे. वहाणा दर वेळी बाहेर. चालवायला लागले तेव्हा वाटेत कावळा बसलेला दिसला तरी थांबायचे आणि तो उडायची वाट बघायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "अण्णा, तो उडतो आपोआप." तर म्हणाले, "उडंल तवा उडंल." पण माझ्याकडून शिकताना ते एकदाही रागावले नाहीत. मी त्यांच्यावर ओरडायचो. एकवीस वर्षांचा पोरगा पासष्ट वर्षांच्या सावकारावर. ते नुसतं, "व्हय, व्हय, चुकलं," म्हणायचे.

माझं लग्न झालं. सासऱ्यांनी बेळगावात ओळख काढून दिली, एका वकिलांच्या खासगी गाडीवर मला कायमची नोकरी मिळाली आणि टिळकवाडीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड केलं. निघताना अण्णांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "लायसनच्या परीक्षेला बेळगावला याचं हाय. तुझ्याकडंच उतरीन."

परीक्षेला ते तीनदा आले. परीक्षा घेणारा फौजदार पंचविशीच्या आतबाहेरचाच असेल. पहिल्यांदा त्यानं गाडी मागं घ्यायला सांगितली, अण्णा भिंतीला टेकले. नापास. दुसऱ्यांदा चढावर थांबवून परत सुरू करायला सांगितली, गाडी खाली घसरली. नापास. तोवर युद्धामुळे पेट्रोलला कुपनं आली होती. अण्णांनी भाड्याचा धंदाच बंद केला होता, थोरली विकून टाकली होती आणि कुपनावर मिळेल ते पेट्रोल ते धाकटीसाठी साठवत होते. त्यातलं पेट्रोल जाळून तिसऱ्यांदा आले आणि पास झाले.

मी त्या दिवशी रजा घेऊन बरोबर गेलो होतो. बाहेर आल्यावर मी सवयीनं पुढचं दार उघडायला लागलो. अण्णा म्हणाले, "तू मागं बस." मी मागं बसलो आणि त्यांनी मला टिळकवाडीला घरी सोडलं. कँपातून, गर्दीतून, एका टांग्याच्या मागं मैलभर शांतपणे जात. मला तो टांगा ओलांडावा असं वाटत होतं.

माझ्या बायकोनं दारातच त्यांचं स्वागत केलं. तिनं चहा टाकते म्हटलं, तर त्यांनी उकळून गार केलेलं पाणी मागितलं. दिवस कलायला अजून अवकाश होता, पण त्यांना उजेडात निपाणी गाठायची होती. बायकोला त्यांच्याबद्दल मी पुष्कळ सांगितलं होतं, पण त्या दुपारची गोष्ट सांगितली नव्हती. ती भाबडेपणानं म्हणाली, "अण्णा, या वयात कशाला हो ही हौस? तुमच्याकडं ड्रायव्हर काय कमी होते?"

अण्णांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"हौस न्हाय, बाई," ते म्हणाले. "एका दुपारी माझ्या दारात गाडी उभी हुती. ड्रायव्हर उभा हुता. मी तीन तास रस्त्याकडं बघत बसलो."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नंतर सांगतो अशी.

ते उठले. वहाणा काढून गाडीत ठेवल्या, आत बसले. मी पुढं होऊन हँडल मारलं. पुढच्या काही वर्षांत, युद्ध संपेपर्यंत, निपाणीहून आणि आजूबाजूच्या खेड्यांतून त्यांनी किती बायकांना बेळगावला आणून सोडलं, ते मला कधी कधी दवाखान्यातूनच कळायचं. एक म्हातारा अनवाणी येतो, बाईला आत पोचवतो, व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहतो आणि मूल रडल्याचं ऐकलं की न विचारता निघून जातो, असं तिथली एक आया सांगायची. माझ्याकडे मात्र ते त्या दिवसानंतर कधी उतरले नाहीत. म्हणायचे, वेळ न्हाय.

त्या परीक्षेच्या दिवशी मी आणि बायको फाटकात उभे होतो. रस्ता पार मोकळा होता. माणूस नाही, जनावर नाही. कोपऱ्यावर पोचल्यावर अण्णांनी गाडी मंद केली, वळायची खूण म्हणून उजवा हात खांद्यापर्यंत बाहेर काढला, सरळ धरला, आणि मागं कुणी नाही हे ठाऊक असूनही पुरता वेळ तसाच धरून ठेवला. मग वळले.